अक्काच्या टबातले मासे

अक्काच्या घरात माशी शिरली तर आधी पाय पुसते, असं तिचा नवरा म्हणायचा. म्हणायचा तेसुद्धा दबक्या आवाजात आणि पायपुसण्यावर उभं राहून. पायपुसणी दोन होती. एक पायांसाठी, आणि दुसरं पहिल्या पायपुसण्यावरून आलेल्या पायांसाठी. फरशी अशी लख्ख की तिच्यात बघून भांग पाडावा. अक्काची सगळी नोकरी इस्पितळात, शस्त्रक्रियेची अवजारं निर्जंतुक करण्यात गेली होती. कात्र्या, चिमटे, सुया उकळायच्या, वाफवायच्या, पांढऱ्या कापडात बांधून डॉक्टरांच्या हवाली करायच्या. तिच्या हातून गेलेल्या अवजारातून कधी कुणाला जंतू लागला नाही. पुढे निवृत्ती आली, इस्पितळ सुटलं, पण हात कुठे सुटतात? ते घराने सोसलं.

सोसणाऱ्यांत नवरा पहिला. हा घड्याळं दुरुस्त करणारा गरीब स्वभावाचा माणूस लग्नानंतर लवकरच शहाणा झाला आणि दुकान त्याने घरापासून जरा लांबच थाटलं. दुसरी लेक. ती मत्स्यविज्ञान शिकून एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती आणि तिथल्याच वसतिगृहात राहत होती. तिसरा छोटू. छोटू म्हणजे अक्काचा धाकटा भाऊ, पन्नाशीचा, दारातून आडवा होऊन शिरणारा गडी. आई लवकर गेल्यामुळे त्याला अक्कानेच वाढवलं होतं. वाढवलं, म्हणजे घासलं, धुतलं, पुसलं आणि शाळेत पाठवलं. एवढं करून पठ्ठ्याने मोठेपणी धंदा कोणता काढावा? मत्स्यशेतीचा. दिवसभर गुडघाभर चिखलात.

"माझ्या साबणावर सूड उगवलाय याने," अक्का म्हणायची. पण भावाने पहिलं तळं खोदलं तेव्हा नाकाला पदर न लावता काठावर उभी राहून टाळ्या वाजवणारीही तीच होती.

एका सुट्टीच्या सकाळी छोटू आला, अक्काने पसरलेल्या वर्तमानपत्रावर बसला आणि समोरचा चहा त्याने निवू दिला. तेव्हाच तिला कळलं, काहीतरी बिनसलंय.

"मासे वाढत नाहीत गं," तो म्हणाला. "खातात, पण अंगी लागत नाही. वर येऊन आ वासून बसतात नुसते."

कारण सगळ्यांना माहीत होतं. तळ्यांना ज्या कालव्याचं पाणी यायचं, त्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना होता. कारखान्याच्या मॅनेजरचं म्हणणं, आमचं पाणी तपासून घ्या, स्वच्छ आहे. आणि तपासायला माणूस यायचा तेव्हा ते स्वच्छच असायचं. तो गेला की कालवा निळा व्हायचा, एखाद्या दिवशी जांभळा. छोटू आणि मॅनेजर एकमेकांना पाण्यात पाहत होते, आणि हे अगदी शब्दशः, कारण भांडण उभं राहायचं ते कालव्याच्या काठावर, पाण्याकडे बोट दाखवत.

"एक जण मागे लागलाय, तळी बुजवून गाड्या लावायची जागा करतो म्हणतो. हंगाम संपेपर्यंत काही हाताला लागलं तर बरं. नाहीतर देऊन टाकतो, अक्का."

देऊन टाकतो म्हणताना त्याने मान खाली घातली.  छोटूला लग्न मानवलं नव्हतं, नोकरी मानवली नव्हती. मानवली होती ती ही तळी. ती गेली की हा माणूस उभा राहायचा तो कशाच्या जोरावर?

लेक त्या दिवशी घरी होती. ती म्हणाली, "मामा, पाणी वाहून जातं, मासा तिथेच राहतो. पाण्याला विचारून काही कळत नसेल तर माशाला विचारू या. त्याच्यावर ताण आहे का, ते तपासू."

"ताण?" अक्काला हसू फुटलं. "माशाला कसला आलाय ताण? त्याला काय सासू आहे की परीक्षा आहे?"

"हा ताण वेगळा, आई. श्वासातून घेतलेल्या प्राणवायूतलाच थोडासा भाग शरीरात उधळतो आणि पेशींना पोखरतो. लोखंडाला गंज चढतो ना, तसं समज. हा गंज घासून काढायला शरीराकडे स्वतःची द्रव्यं असतात. पाण्यात विष आलं की गंज वाढतो. ती द्रव्यं आधी जोरात कामाला लागतात आणि मग थकून जातात. रक्तात आणि कल्ल्यांत या सगळ्याच्या खुणा उरतात. त्या मोजायच्या."

अक्काला बाकीचं कळलं नाही, पण घासून काढणं बरोबर कळलं. माशाच्या आतही कुणीतरी रात्रंदिवस बसून घासत असतं, या कल्पनेने तिला मासा या प्राण्याबद्दल एकदम आदर वाटू लागला.

अडचण एकच होती. छोटूच्या माशांचा ताण जास्त म्हणायचा तर तो कशाच्या मानाने? त्यासाठी चांगल्या पाण्यात वाढलेले मासे हवे होते. त्याच वयाचे, त्याच बीजकेंद्रातून आणलेले, आणि ज्यांना कसलाही त्रास नाही असे. प्रयोगशाळेची टाकी नेमकी गळत होती. अक्काच्या मागच्या अंगणात विहीर होती, सावली होती. तिथे दोन मोठे निळे टब आले, बुडबुडे सोडणारा छोटा पंप आला आणि बोटाएवढे तिलापिया मासे आले.

लेकीने खाण्याच्या पुड्या बांधून दिल्या आणि निघताना सांगितलं, "रोज एक पुडी टाक. आणि पाणी स्वच्छ ठेव, बस. बाकी काही करायचं नाही."

बाकीचं अक्काला ऐकूच आलं नाही. 'स्वच्छ' म्हटलं होतं ना! इस्पितळात जिथे ती वावरली, तिथे या शब्दाचा अर्थ एकच होता. जिवंत असं काही उरता कामा नये.

दुसऱ्या दिवसापासून अक्का पदर खोचून टबांच्या मागे लागली. सकाळी मासे बादलीत काढायचे, टब घासायचे, विहिरीचं पाणी फडक्यातून गाळून भरायचं. टबाच्या कडेला हिरवट काही दिसलं की दात घासायच्या जुन्या ब्रशाने खरवडायचं. आणि विहिरीच्या पाण्याचा काय भरवसा, म्हणून चिमूटभर ब्लीचिंग पावडर. चिमूटभरच हं, जीव आहेत ते, एवढी अक्कल तिला होती. पाणी असं झालं की टबाच्या तळाला नाणं पडलं असतं तर त्यावरचं साल वाचता आलं असतं.

मासेही किती गुणी! सुरुवातीला इकडून तिकडे धावायचे, पाणी उडवायचे. हळूहळू शांत झाले. तळाशी एका रांगेत बसायचे, हाताची घडी तोंडावर बोट. अक्का शेजारणीला बोलावून दाखवायची. "बघा, वळण लावलं की मासासुद्धा शिकतो."

छोटूचे मासे तपासून लेक अक्काचे मासे तपासायला आली तेव्हा तिचं नाक सर्दीने गच्च चोंदलेलं होतं. हे लक्षात ठेवा, याच नाकाने घात केला. तिने लवंगेच्या तेलाचे थेंब टाकलेल्या पाण्यात माशांना गुंगी दिली, थेंबभर रक्त घेतलं, कल्ल्याचा तिळाएवढा तुकडा घेतला आणि मासे परत टबात सोडले. अक्काला वाटलं होतं कापाकापी होईल. मासे शुद्धीवर येऊन शेपट्या हलवू लागले तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. दात दुखला की आपण लावतो तेच तेल माशाला गुंगी आणतं, ही गोष्ट तिने पुढे आठवडाभर भेटेल त्याला ऐकवली.

मग निकाल आला. म्हणजे लेक आली, आणि तिच्या तोंडावरूनच कळलं. छोटूही आला होता. वर्तमानपत्रावर न बसता उभाच राहिला.

"मामा, आकडे उलटे आलेत," लेक म्हणाली. "तुझ्या माशांना ताण आहे. पण आईच्या माशांना त्याहून जास्त आहे."

 अक्काच्या नवऱ्याने हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"यात नवल ते काय?" तो म्हणाला. "मी लग्नापासून याच टबात आहे. माझं रक्त घ्या, त्यांच्या वरताण आकडा निघेल."

छोटू हसला, पण ते हसू लगेच विरलं. "आता मॅनेजर म्हणेल, आमचं रंगाचं पाणी माशांना मानवतं, घरचंच बाधतं. जाऊ दे. सुटलो एकदाचा. त्या गाड्यांवाल्याला कळवून टाकतो." सुटलो म्हणणाऱ्या माणसाचा आवाज असा नसतो.

अक्काचा अपमान झाला होता. भावाचं दुःख बाजूलाच राहिलं, आधी टबांची अब्रू महत्त्वाची. "माझ्या माशांना ताण? चला सगळे मागे. डोळ्यांनी बघा आणि मग बोला!"

सगळे मागच्या अंगणात आले. टब उन्हात चमकत होते. मासे तळाशी रांगेत. लेक वाकली आणि एकदम थबकली. आज तिचं नाक मोकळं होतं.

"आई, हा वास कसला?"

"कसला म्हणजे? स्वच्छतेचा."

"पाण्यात काय घालतेस तू?"

"चिमूटभर ब्लीचिंग पावडर. रोज पाणी बदलते, टब घासते आणि मग घालते." अक्का ताठ मानेने म्हणाली. "तूच म्हणाली होतीस ना, स्वच्छ ठेव म्हणून!"

लेक धुण्याच्या दगडावर मटकन बसली. "स्वच्छ म्हणजे साधं गं, आई! विहिरीचं, जसं आहे तसं."

"विहिरीच्या पाण्यात जंतू असतात."

"असू देत! ते मासे आहेत, चिमटे नाहीत!"

 मग लेक कपाळाला हात लावून म्हणाली, "इस्त्री तेवढी करायची राहिली त्यांना. अगं, त्या पावडरीने कल्ले भाजतात. आत गंज चढतो, तो घासता घासता बिचारे थकून गेलेत. म्हणून तळाशी पडून आहेत."

"मला वाटलं शहाणे झालेत," अक्का म्हणाली. आवाज पार खाली गेला होता.

"अति तिथे माती," नवरा पुटपुटला.

"माती असती तर बरं झालं असतं हो," अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "तीच तर नव्हती ना टबात." हे बोलली आणि आपण काय बोललो ते कळून तिला त्या पाण्यातच हसू आलं. आधी छोटू खो खो सुटला, मग सगळेच. पण हसता हसता अक्का मनात चरकली होती. भावाची तळी बुजवायला गाड्यांवाला कशाला हवा होता? तिने चिमटीनेच बुजवली असती.

छोटूने डोळे पुसले. "हंगाम अजून आहे," तो म्हणाला. "पुन्हा एकदा कर, पोरी."

त्याच बीजकेंद्रातून, छोटूच्या माशांच्याच वयाचे नवे मासे आले. टबात विहिरीचं पाणी, जसंच्या तसं. थोडं बदलायचं ते लेक येईल तेव्हा तीच बदलणार. अक्कासाठी नियम सोपा होता. "हाताची घडी, तोंडावर बोट," लेकीने बजावलं. "आता तुझी पाळी."

अक्काला आयुष्यात एवढं कठीण काम कुणी दिलं नव्हतं. पहिले काही दिवस ठीक गेले. मग टबाच्या भिंतीवर हिरवी साय धरू लागली. अक्का स्टूल घेऊन समोर बसायची आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरायची. जुना ब्रश तिने स्वतःच नवऱ्याच्या दुकानात ठेवायला दिला, घरात नको म्हणून. तो घड्याळाची चाकं पुसायला कामी आला. हात अगदीच शिवशिवले की ती पुढच्या खोलीत जाऊन घासलेलीच फरशी पुन्हा घासायची, आणि नवरा पाय वर घेऊन म्हणायचा, "मासे सुटले, मी सापडलो."

पण बसून बसून ती बघायला लागली. हे मासे मुळीच शहाणे नव्हते. तिची सावली पडली की उसळून वर यायचे. खाण्यावरून ढकलाढकली. एक धटिंगण तर शेपटीने असं पाणी उडवायचा की चष्मा ओला व्हायचा. हिरव्या सायीला तोंड लावून कुरतडत बसायचे. गलका नुसता! अक्का चष्मा पुसायची आणि पुन्हा वाकायची. आधीचे मासे किती शांत होते, हे तिला आठवायचं आणि मग दुसरंच काहीतरी आठवायचं.

छोटू एकदा टब बघायला आला तेव्हा तिने विचारलंच.

"छोटू, लहानपणी तू इतका गप्प का असायचास रे? मी सगळ्यांना सांगायची, आमचा छोटू किती शांत, किती गुणी."

छोटू टबात बोट घालून त्या धटिंगणाला चिडवत होता. मान वर न करता म्हणाला, "तू साबण लावत असायचीस ना. तोंड उघडलं की आत जायचा."

तो विनोद होता, आणि छोटू त्यावर मोठ्याने हसलाही. अक्काही हसली. पण त्यानंतर ती स्टुलावर खूप वेळ बसून राहिली. छोटूला यातलं काही कळलं नाही, आणि ते बरंच झालं.

दुसरा निकाल आला, तो घेऊन लेक, छोटू आणि अक्का तिघंही कारखान्यात गेली. अक्काला कुणी बोलावलं नव्हतं. "टब माझे आहेत," एवढंच बोलून ती पुढे चालू लागली. मॅनेजरची खोली काचेची होती आणि काच बऱ्यापैकी मळलेली होती. अक्काने तिकडे पाहिलं आणि नजर वळवली. हल्ली तिला ते जमू लागलं होतं.

लेकीने कागद समोर ठेवला. विहिरीच्या पाण्यातल्या माशांचा आकडा खाली, छोटूच्या तळ्यातल्यांचा चांगलाच वर. मॅनेजरने तो नीट पाहिला. तसा माणूस वाईट नव्हता, फक्त खुर्ची सांभाळून होता.

"पण यावरून काय सिद्ध होतं?" तो म्हणाला. "मासे काय, कशानेही ताणात येतात. त्याचं पाण्याशी काय?"

"येतात ना," अक्का म्हणाली. "मी स्वतः आणलेत."

लेकीने तिच्याकडे चमकून पाहिलं. पण अक्का आता थांबणार नव्हती. चिमूट किती होती, टब कसे घासले, मासे कसे शहाणे होऊन बसले आणि आपण शेजारणीला कसं बोलावून दाखवलं, तिने काही म्हणजे काही लपवलं नाही. "आणि तिसरा आकडा बघा, कोपऱ्यातला, सगळ्यांत मोठा आहे तो. तो माझा. चिमूटभर पावडर टाकली तेवढ्यात माशांनी बोंब ठोकली. पावडर टाकणं थांबवलं, नव्या माशांना साधं पाणी दिलं, तर आकडा हा असा खाली. हे मासे खोटं बोलत नाहीत हो. मी टाकलं तेव्हा माझं नाव सांगितलं, तुम्ही सोडता तर तुमचं सांगतायत. माझी तर चिमूट होती. तुमच्याकडे पोती आहेत."

 लेकीने हा तिसरा आकडा चूक म्हणून कोपऱ्यात बारीक काढला होता. आता तिने पेन काढून त्याला जाड वर्तुळ केलं.

मॅनेजर पुन्हा कागदाकडे वळला. मग हळूच, जरा वेगळ्याच आवाजात त्याने विचारलं, "हे... तळ्यातले मासे म्हणजे बाजारात छोटूंच्या टोपलीत असतात तेच का?"

"तेच," छोटू म्हणाला. "तुम्ही नेहमी मोठा बघून घेता, साहेब."

"मी आणि माझी आई, आम्ही दोघंही खातो," मॅनेजर म्हणाला.

"तुमचंही थेंबभर रक्त घेऊ का?" लेकीने अगदी आदराने विचारलं. "लवंगेचं तेल आहे माझ्याकडे."

मॅनेजर आधी दचकला आणि मग, खुर्ची सांभाळून असणाऱ्या माणसाला शोभणार नाही इतक्या मोठ्याने हसला. कारखान्याच्या मागे सांडपाणी निवळायची टाकी होतीच. वापरात आणायचा कंटाळा, एवढंच. तिचं कुलूप गंजून गेलं होतं. ते फोडावं लागलं, आणि गंज बघून अक्का म्हणाली, "यालाच म्हणतात ताण." टाकी सुरू झाली. कालव्याला हळूहळू पुन्हा पाण्याचा रंग आला. हंगाम संपायच्या आत छोटूच्या तळ्यातल्या माशांचा आकडा उतरू लागला.

त्याच सुमाराला एका दुपारी छोटू धावतच अक्काकडे आला. गाड्यांवाल्याला त्याने नाही म्हणून सांगितलं होतं आणि ते सांगायला तो थेट तळ्यातून निघाला होता. पहिलं पायपुसणं त्याने ओलांडलं. दुसरंही ओलांडलं. लख्ख फरशीवर चिखलाची भली मोठी पावलं उमटवत तो मधोमध येऊन उभा राहिला आणि बोलू लागला. तळी राहिली, मासे उसळतायत, मॅनेजर स्वतः बघायला आला होता, त्याच्या आईने मासे कधी मिळतील विचारलंय, पुढच्या हंगामात आणखी एक तळं खोदायचं, जागा ठरली.

नवरा वर्तमानपत्राआड गेला.  अक्काची नजर खाली पावलांवर गेली, तिथे जराशी थांबली आणि मग वर आली.

छोटू हात हलवून हलवून बोलत होता, एक गोष्ट संपायच्या आत दुसरी. अक्काने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. "मग?" ती म्हणाली. "पुढे काय म्हणाला तो?"

चिखल वाळून पांढरा पडला, तरी छोटूचं बोलणं संपलं नव्हतं. फरशी त्या दिवशी पुसलीच गेली नाही.